टीम मान डोलावते, कोड मात्र जुनाच राहतो: नवी डिझाइन पद्धत रुजते कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात आठ वर्षं काढून तुम्ही सोलापूरला परत आलात आणि जुळे सोलापुरातल्या एका कंपनीत सहा जणांची टीम तुमच्याकडे आली. काम आहे यंत्रमाग कारखानदार आणि चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्यांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर. दोन शनिवार सगळ्यांना बसवून तुम्ही डोमेन-ड्रिव्हन डिझाइन (धंद्याच्याच शब्दांत कोड रचणं), आधी टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा कोड) लिहिणं, कोडचे थर वेगळे ठेवणं हे समजावलंत. सगळ्यांनी मान डोलावली. महिन्याभराने पाहिलं तर कोड पहिल्यासारखाच. तुम्ही विचारता आहात की यांना कळत नाही, की यांची इच्छा नाही?

दोन्ही नाही. त्यांना कळलेलं आहे आणि बहुतेकांची इच्छाही आहे. पण प्रोग्रॅमर डिझाइनची पद्धत ऐकून उचलत नाही. त्याला जिथे दुखतंय तिथेच ती लागू पडताना दिसली, आणि तीही त्याच्या शेजारी बसणाऱ्या माणसाच्या हातून, तरच उचलतो. मी सोलापुरात बावीस वर्षं याच प्रकारचं सॉफ्टवेअर करतो आहे. ही गोष्ट मला कशी कळली ते सांगतो, म्हणजे माझं म्हणणं नुसतं मत वाटणार नाही.

२०१४ साली मीही तुमच्यासारखंच केलं होतं. आमच्या सॉफ्टवेअरचा गाभा व्हिज्युअल बेसिक ६ मधला होता. ज्यांनी ते वापरलंय त्यांना माहीत आहे की तिथे फॉर्मवर बटण ठेवायचं, त्यावर डबल क्लिक करायचं आणि जी चौकट उघडेल तिथेच सगळा हिशेब लिहून टाकायचा. विक्री बिलाच्या ‘सेव्ह’ बटणामागे कर काढायचा कोड, खरेदीच्या बटणामागे तोच, माल परत आला तर तिथेही तोच, कोटेशनमध्ये तोच. मी प्रोजेक्टर लावून सांगितलं की कराचा नियम एकाच ठिकाणी ठेवूया, बाकी सगळ्यांनी त्याला विचारावं. सगळे म्हणाले, बरोबर आहे. आणि पुढची तीन वर्षं कोणीही ते केलं नाही. करायची गरजच नव्हती. व्हॅटच्या काळात आमच्या ग्राहकांचा दर म्हणजे एक आकडा. आकडा दहा ठिकाणी लिहिला काय आणि शंभर ठिकाणी लिहिला काय, तो बदलला की शोधा आणि बदला, तासाभराचं काम.

मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. चादर-टॉवेलसारख्या तयार कापडी वस्तूंना नगाची किंमत १००० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यापुढे १२ टक्के. दर आता आकडा राहिला नाही, तो निर्णय झाला. निर्णयाला प्रश्न लागतात. किंमत कुठली, छापील की सूट वजा केल्यावरची? सूट नगावर दिली की पूर्ण बिलावर? सहा चादरींचा संच असेल तर नग कशाला म्हणायचं? आमच्या कोडमध्ये हा हिशेब त्रेचाळीस ठिकाणी होता. आम्ही अकरा रात्री बसून ती सगळी ठिकाणं बदलली.

तरी चुकलो. चाटी गल्लीतल्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. १०५० रुपयांची चादर त्याने सूट देऊन ९४० ला विकली होती आणि आमच्या बिलाने १२ टक्के लावले. विक्री बिलातली चूक त्याच दिवशी दुरुस्त केली. माल परत घेण्याच्या फॉर्ममध्ये ती तशीच राहिली. त्यामुळे तीच चादर ५ टक्क्यांनी गेली आणि १२ टक्क्यांनी परत आली. महिनाअखेरीला त्याचे अकाउंटंट आमच्या ऑफिसात येऊन बसले, आणि त्यांची बाजू शंभर टक्के खरी होती.

त्या रात्री आमच्यातले सगळ्यात जुने सहकारी (त्यांना आम्ही अण्णा म्हणतो) माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “ते तू मागं काय सांगत होता बघ, एका जागी ठेवायचं म्हणून. ते दाखव की.”

माझ्या तीन वर्षांपूर्वीच्या भाषणात आणि त्या रात्री दाखवलेल्या गोष्टीत एका शब्दाचाही फरक नव्हता. फरक अण्णांच्या बाजूला होता. तेव्हा त्यांच्याकडे उत्तर होतं पण प्रश्न नव्हता. आता प्रश्न त्यांच्या अंगावरून गेला होता.

आम्ही त्या रात्री एक फंक्शन लिहिलं. वस्तू, सूट वजा जाता नगाची किंमत आणि तारीख द्यायची, दर परत घ्यायचा. तारीख अण्णांनी घालायला लावली, कारण जुन्या बिलाचा माल परत आला तर त्याला जुनाच दर लागतो हे त्यांना फोनवरच्या भांडणांतून ठाऊक होतं. मला सुचलं नसतं. २२ सप्टेंबर २०२५ ला हाच नियम बदलून २५०० रुपयांपर्यंत ५ आणि त्यापुढे १८ टक्के झाला, तेव्हा आमच्याकडे दरांच्या तक्त्यात दोन ओळी वाढल्या, सहा टेस्ट लिहिल्या गेल्या आणि संध्याकाळी सगळे वेळेवर घरी गेले. अकरा रात्रींऐवजी एक दुपार.

यातली कल्पना काही आमची नव्हे. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली, म्हणजे आमच्या त्या रात्रीच्या पंचेचाळीस वर्षं आधी, ती मांडून ठेवली आहे. त्यांनी एकच छोटा प्रोग्रॅम दोन तऱ्हेने तोडून दाखवला. एकदा कामाच्या पायऱ्यांप्रमाणे, म्हणजे आधी वाच, मग फिरव, मग लाव, मग छाप. आणि दुसऱ्यांदा, पुढे बदलू शकणारा प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलच्या (कोडच्या स्वतंत्र तुकड्याच्या) आत लपवून. पहिल्या पद्धतीत एक निर्णय बदलला की बरीच मॉड्यूल्स उघडावी लागतात, दुसऱ्यात एखादंच. आज आपण ज्याला इंटरफेस, एनकॅप्सुलेशन (आतलं झाकून बाहेर फक्त वापरायची रीत ठेवणं) वगैरे म्हणतो त्याचं बरंचसं मूळ इथे आहे.

पण तुमच्या टीमपुढे पार्नास यांचं नाव घेऊन उपयोग होणार नाही, हे मला अण्णांनीच शिकवलं. त्यांचे वडील जेकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाची, कार्डं पंच करायचे. डिझाइन आधी चौकड्यांच्या कागदावर उतरवायचं, मग एकेका ओळीचं एकेक कार्ड. कार्डावर भोक असेल तर ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तर खाली राहतो, आणि मधून बाण्याचा धागा जातो. कार्डं दोऱ्याने ओवून त्यांची माळ मागावर चढवतात. पुढच्या आठवड्यात दोन नवी मुलं रुजू झाली, तेव्हा अण्णांनी त्यांना एवढंच सांगितलं: “मोर काढायचाय म्हणून कुणी माग मोडत नाही. कार्डं बदलतो. दराचा नियम म्हणजे कार्ड आहे, बिलाचा फॉर्म म्हणजे माग.” एक मुलगा विडी घरकुलातला, घरात यंत्रमाग बघत वाढलेला. त्याला पुन्हा काही समजवावं लागलं नाही. ज्यांच्या नावावरून जेकार्ड हा शब्द आला त्या जोसेफ मारी जाकार यांचा माग १८०४ सालचा, आणि त्याच्या कार्डांवरूनच चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी कार्डांची कल्पना घेतली. तेव्हा अण्णांची उपमा ओढूनताणून आणलेली नव्हती, आपल्या धंद्याची मुळंच तिथे आहेत.

म्हणून माझी पहिली सूचना ही की नवी कल्पना टीमला आधीच माहीत असलेल्या कशाला तरी बांधा. डोमेन-ड्रिव्हन डिझाइनचं उदाहरण घ्या. ही पद्धत एरिक इव्हान्स यांनी २००३ मध्ये मांडली आणि तिचा अर्धा जीव एका साध्या आग्रहात आहे: ज्या शब्दांत धंदा करणारे बोलतात तेच शब्द कोडमध्ये यावेत. तुम्ही बहुधा ॲग्रिगेट, बाउंडेड कॉन्टेक्स्ट अशा तिच्यातल्या जड संज्ञांपासून सुरुवात केली असेल. त्याऐवजी टॉवेलपासून करा. टॉवेल कारखान्यातून निघताना किलोवर मोजला जातो, दुकानात डझनावर आणि गिऱ्हाइकाच्या हातात नगावर. तुमच्या कोडमध्ये याला काय आहे? मी पैज लावतो, ‘क्वांटिटी’ नावाचा एक आकडा. आणि स्टॉक जुळत नाही अशा तक्रारींपैकी निम्म्या तिथूनच येत असतील. त्या आकड्याच्या जागी माप आणि एकक एकत्र धरणारी एक छोटी क्लास (माहिती आणि तिचे नियम एकत्र ठेवणारा कोड) आणा, किलोमध्ये डझन मिळवू पाहिलं की जी तिथल्या तिथे अडवेल. टीमला त्या दिवशी पद्धतीचं नाव सांगू नका. महिन्याने सांगा. दुखणं आधी, औषध मग, आणि औषधाचं नाव सगळ्यात शेवटी.

आता वेळेबद्दल, कारण महिन्याभरात काही झालं नाही म्हणून तुम्ही खचलेले दिसता. आपल्या धंद्याचा इतिहास पाहा. ऑब्जेक्टची, म्हणजे माहिती आणि तिच्यावरचं काम एकत्र बांधायची, कल्पना नॉर्वेत सिम्युला भाषेत १९६७ सालीच पुरती आकाराला आली होती. ती सर्वसाधारण प्रोग्रॅमरच्या हातात पडली सी प्लस प्लस आणि १९९५ च्या जावामुळे. लिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा १९५८ ची. त्यातली फंक्शनला वस्तूसारखं इकडून तिकडे देण्याची सोय जावात लॅम्डा म्हणून आली २०१४ मध्ये. १९६८ साली एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी गोटू (कोडमध्ये मधूनच दुसरीकडे उडी मारायची आज्ञा) वापरण्याविरुद्ध पत्र लिहिलं, आणि त्यावरचे वाद पुढची अनेक वर्षं चालले. जगातली अत्यंत हुशार माणसं यात होती. तुमच्या सहा जणांना एक महिना फार कमी आहे.

हे फक्त आपल्या धंद्यात होतं असंही नाही. नवी पद्धत माणसं कशी स्वीकारतात यावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास मक्याच्या बियाण्यावर झाला. अमेरिकेत आयोवा राज्यात १९२८ च्या सुमारास संकरित मका आला. उत्पन्न जुन्या बियाण्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त. तरीही दोन गावपट्ट्यांतल्या २५९ शेतकऱ्यांपर्यंत तो पुरता पोहोचायला १९४१ उजाडलं, आणि तोवर दोघं वगळता सगळ्यांनी तो घेतलेला होता. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी हे १९४३ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं: बियाण्याची पहिली माहिती बहुतेकांना विक्रेत्यांकडून मिळाली, पण पेरायचं ठरवलं ते शेजाऱ्याचं रान बघून. आणि पहिल्या वर्षी जवळजवळ कोणीच सगळ्या रानात पेरलं नाही. थोड्या तुकड्यात पेरून पाहिलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीवाल्याला विचारा, तोही हेच करील आणि ते शहाणपणच आहे.

तुमचे दोन शनिवार म्हणजे विक्रेत्याचं काम होतं. ते वाया गेलं नाही, माहिती पोहोचली. आता शेजारचं रान दाखवायचं आहे.

इथे सॉफ्टवेअरची एक खास अडचण आहे. मक्याचं कणीस बांधावरून दिसतं. चांगल्या डिझाइनचा फायदा म्हणजे न आलेला फोन. तो दिसणार कसा? आम्ही एक साधा उपाय केला. भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक बदलापुढे एकच आकडा लिहायचा: या बदलासाठी किती फाइल्स उघडाव्या लागल्या. बस. कोणी केलं, किती वेळ लागला, यातलं काहीही नाही. ते लिहिलं की फळा हजेरीपट होतो आणि माणसं आकडे लपवायला लागतात. दोन महिन्यांत कराचे बदल एक-दोनवर आले आणि स्टॉकचे बदल पंधरा-वीसवरच राहिले. “आता स्टॉकचं पण तसं करूया” हे वाक्य मी बोललो नाही, टीममधूनच आलं.

आता एक नाजूक गोष्ट, जी पुस्तकांत क्वचित सापडते. तुमच्या टीममध्ये एक तरी माणूस असेल ज्याला ती चार हजार ओळींची फाइल तोंडपाठ आहे. ग्राहकाचा फोन आला की तोच दुचाकी काढून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जातो आणि दहा मिनिटांत तिथल्या तिथे दुरुस्त करून येतो. ग्राहक त्याला नावाने ओळखतात, चहा पाजतात. तुम्ही ती फाइल मोडून दहा सुटसुटीत मॉड्यूल्स करता, तेव्हा त्याने पंधरा वर्षांत कमावलेलं ज्ञान एका झटक्यात कमी किमतीचं होतं. तो तोंडाने काही बोलणार नाही. फक्त प्रत्येक नव्या मांडणीत त्याला एक अडचण दिसेल. याला हट्ट म्हणू नका. ही रास्त भीती आहे आणि तिच्याशी वागायचा एकच प्रामाणिक मार्ग मला माहीत आहे: त्याचं ज्ञान नव्या मांडणीत जाईल अशी व्यवस्था करणं आणि ते त्याच्याकडून गेलं हे सर्वांना दिसू देणं. आमच्या दराच्या फंक्शनमध्ये तारीख आली ती अण्णांमुळे. मी ते दर वेळी सांगतो, कारण ते खरं आहे.

टेस्टच्या बाबतीत हाच माणूस तुमचा सगळ्यात मोठा आधार ठरतो. आधी टेस्ट मग कोड या पद्धतीचे पुरस्कर्ते केंट बेक. ती पद्धत मला मनापासून पटते, तरी जुन्या कोडवर काम करणाऱ्या टीमला ती पहिल्या दिवसापासून लावू नये असं माझं ठाम मत आहे. जिथे बटणामागेच हिशेब आहे तिथे टेस्टला धरायला जागाच नसते. मुलं दोन दिवस झगडतात आणि टेस्ट म्हणजे छळ असा कायमचा ग्रह करून घेतात. त्याऐवजी नियम करा की तोच बग दुसऱ्यांदा आला तर दुरुस्तीआधी टेस्ट. आणि कुठले बग पुन्हा पुन्हा येतात हे त्या जुन्या माणसाइतकं कोणाला माहीत नसतं. त्याच्या शेजारी एक नवा मुलगा बसवा. जुना सांगेल, “सूट दिली आणि नंतर नग कमी केला की गंडतं,” नवा ते टेस्टमध्ये लिहील. एका कीबोर्डवर दोघं. आमच्याकडे पेअर प्रोग्रॅमिंग या नावाला विरोध झाला असता, “जरा याच्याजवळ बस” याला झाला नाही.

पद्धत रुजायला लागली की एक टप्पा येतोच आणि त्याला घाबरू नका. माणूस नवं हत्यार सगळीकडे चालवून बघतो. डिझाइन पॅटर्न्सचं (नेहमीच्या अडचणींवरच्या ठरावीक मांडण्यांचं) प्रसिद्ध पुस्तक १९९४ मध्ये आलं, त्यात तेवीस पॅटर्न्स होते, आणि नंतर कित्येक प्रोजेक्ट्समध्ये ते सगळेच्या सगळे कोंबायची जणू स्पर्धा लागली. आमच्याकडच्या एका मुलाने साध्या पावतीसाठी चौदा क्लासेस केल्या. फॅक्टरी (दुसरे ऑब्जेक्ट बनवून देणारी क्लास), तिच्यासाठी आणखी एक फॅक्टरी, वगैरे. मी रिव्ह्यूमध्ये ते परत पाठवू शकलो असतो. पाठवलं नाही, कारण पावती म्हणजे कमी धोक्याची जागा, आणि पुढच्या सहा महिन्यांत पावतीत येणारा प्रत्येक बदल त्यालाच दिला. चौथ्या बदलाला त्याने स्वतःहून त्या चौदाच्या तीन केल्या. आज तो आमच्याकडचा सगळ्यात साधा कोड लिहितो. कराच्या किंवा पगाराच्या मॉड्यूलमध्ये मात्र मी असा प्रयोग चालू दिला नसता. हत्यार शिकायला जागा द्यायची, पण ती जागा आपण निवडायची.

काही गोष्टींना सरळ नाही म्हणा. तुमच्या पत्रात मायक्रोसर्व्हिसेसचा, म्हणजे एकच सॉफ्टवेअर नेटवर्कवरून बोलणाऱ्या छोट्या स्वतंत्र प्रोग्रॅम्समध्ये तोडण्याचा, उल्लेख आहे. सहा माणसं, एक ऑफिस, ग्राहक बहुतेक एकाच मशीनवर सॉफ्टवेअर चालवणारे. मायक्रोसर्व्हिसेस मुख्यतः ज्या दुखण्यावर आल्या ते म्हणजे अनेक टीम्स एकमेकींच्या पायात येणं. ते दुखणं तुम्हाला नाही. औषध घेतलंत तर नेटवर्क तुटणं, अर्धवट सेव्ह झालेली बिलं असे त्याचे त्रास तेवढे वाट्याला येतील. तसंच जे जुनं मॉड्यूल पाच वर्षांत कोणी उघडलेलं नाही, ज्याची तक्रार नाही, त्याचा कोड कितीही ओबडधोबड असला तरी त्याला हात लावू नका. डिझाइनची गरज बदलाच्या जागी असते.

कोड लिहून देणाऱ्या एआय साधनांबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलंत. आमचा अनुभव एवढाच की तीच ती त्रेचाळीस ठिकाणं आता एका दुपारी तयार होऊ शकतात, आणि ती लिहिणाऱ्याच्या हाताला काहीच त्रास होत नाही. त्यामुळे फाइल्सचा तो फळा आम्ही काढलेला नाही, उलट जास्त काटेकोरपणे लिहितो.

तर येत्या सोमवारी काय करायचं? तिसरा शनिवार घेऊ नका. सहाही जणांना एकेकटं गाठून, चहाच्या टपरीवर चालेल, एकच प्रश्न विचारा: कुठल्या फाइलमध्ये बदल आला की पोटात गोळा येतो? सहापैकी चौघं एकाच फाइलचं नाव घेतील. त्या फाइलमध्ये येणारा पुढचा खरा बदल, ग्राहकाने मागितलेला, तुम्ही स्वतः घ्या आणि ज्याला ती फाइल पाठ आहे त्याला शेजारी बसवून करा. कीबोर्ड त्याच्या हातात द्या. अंदाजापेक्षा दुप्पट वेळ धरा आणि तो वेळ मालकांकडून आधीच मागून घ्या. झालं की फळ्यावर आकडा लिहा. मग त्याच फाइलमध्ये दुसरा बदल येईपर्यंत थांबा. तो आला की किती फाइल्स उघडल्या ते मला जरूर कळवा.